‘इलेक्शन’ पाहताना मी मास्तरांच्या बाजूने झालो. हा चित्रपट नेमका कोणाला हसतो?

नागरिकशास्त्राचा तास (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत गेली एकवीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. आम्ही सात-आठ मित्रमंडळी महिन्यातून एकदा गंगापूर रोडवर एकाच्या घरी जमतो, चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर मनसोक्त वाद घालतो. येत्या रविवारची निवड माझ्याकडे आली तेव्हा मी अलेक्झांडर पेन यांचा १९९९ सालचा ‘इलेक्शन’ सुचवला. त्यातला नायक माझ्यासारखाच शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, एवढ्या एकाच माहितीवर ती निवड झाली होती, हे आधीच कबूल करतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील ओमाहा शहरातील एका शाळेत विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. ट्रेसी फ्लिक ही अतिशय हुशार, अतिशय कष्टाळू आणि अतिशय चिकाटीची मुलगी बिनविरोध निवडून येणार हे उघड आहे. तिला शिकवणारे जिम मॅकॅलिस्टर यांना ती मनातून सहन होत नाही. ते पाय मोडल्यामुळे खेळाला मुकलेल्या पॉल मेट्झलर नावाच्या भाबड्या, श्रीमंत घरच्या खेळाडूला गाठतात, फळ्यावर सफरचंद आणि संत्रे काढून त्याला लोकशाहीत पर्याय का हवा ते समजावतात आणि निवडणुकीला उभे करतात. पुढे पॉलची बहीण टॅमी सूड म्हणून तिसरी उमेदवार होते. मतमोजणीत ट्रेसी एका मताने जिंकते, तेव्हा मास्तर तिची दोन मते चुरगाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकतात आणि पॉलला विजयी घोषित करतात. शेवटी त्यांचे बिंग फुटते आणि त्यांची नोकरी जाते.

रविवारच्या आधी मी तो घरी पाहिला. सोबत माझी मुलगी होती, ती इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी दोन तास मास्तरांच्या बाजूने होतो. त्यांनी मते टोपलीत टाकली तेव्हा मला ते चूक वाटले, पण समजण्यासारखे वाटले. मुलगी मात्र उठून गेली आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, त्या मुलीने केलं काय? निवडणूक लढवली, एवढंच ना?” त्यानंतर आमचे जेवण फारसे न बोलताच झाले.

माझा प्रश्न असा आहे की दिग्दर्शकाला आपण कोणाला हसणे अपेक्षित आहे? ट्रेसीला, मास्तरांना, की मास्तरांच्या बाजूने झालेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला? रविवारी चर्चेला सुरुवात मलाच करायची आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

माजी मॉनिटर

सर, आपल्या मुलीचे अभिनंदन करून सुरुवात करते.

आपण ट्रेसीचे वर्णन करताना ‘अतिशय’ हा शब्द तीन वेळा वापरला आहे. हुशार, कष्टाळू, चिकाटीची, हे तिन्ही गुण आपण वर्गातल्या मुलांना रोज शिकवत असणार. मग एकाच मुलीत ते तिन्ही एकत्र आले की मागे ‘अतिशय’ लावावेसे का वाटते, याचा विचार आपण रविवारच्या आधी करावा, अशी विनंती आहे.

मी पंचवटीत वाढले आणि शाळेत असताना चार वर्षे वर्गाची मॉनिटर होते. माझ्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत जे शब्द वापरले जात ते मला चांगले आठवतात, कारण हजेरीपट नेऊन देण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ते दारातच कानावर पडत. ‘आगाऊ’, ‘शिष्ट’ आणि सर्वांत जास्त वेळा ‘पुढेपुढे करते’. माझ्याच वर्गात एक मुलगा होता, तोही प्रत्येक स्पर्धेत नाव द्यायचा, प्रत्येक पाहुण्याला हार घालायला पुढे असायचा. त्याच्यासाठी ‘धडपड्या’ हा शब्द होता आणि तो कौतुकाने उच्चारला जाई. आपल्या भाषेत ‘धडपडी’ असे स्त्रीलिंगी रूप कौतुकाने म्हटलेले मी तरी कधी ऐकलेले नाही.

आता चित्रपटाकडे पाहा. ट्रेसी तिच्या एकट्या आईबरोबर राहते. ती आई यशस्वी बायकांना पत्रे लिहून, आपण पुढे कशा आलात आणि माझ्या मुलीला काय सल्ला द्याल, असे विचारत असते. पॉलच्या वडिलांचा सिमेंटचा मोठा धंदा आहे. म्हणजे एकीकडे जिच्याकडे मेहनतीशिवाय दुसरे काहीही नाही अशी मुलगी आणि दुसरीकडे ज्याला सगळे आपोआप मिळाले आहे असा मुलगा. मास्तरांना लोकशाही आठवते ती नेमकी पहिलीला अडवायची असते तेव्हा. ट्रेसी स्वतःच चित्रपटात म्हणते की पॉल लोकप्रिय आहे आणि त्याला सारे काही ताटात वाढून मिळाले आहे. तिचा हा राग मला अगदी जवळून ओळखीचा वाटतो.

आणखी एक गोष्ट आपण कथा सांगताना वगळली आहे, आणि ती वगळण्याजोगी नाही. मॅकॅलिस्टर यांचा मित्र असलेल्या एका विवाहित शिक्षकाने या शाळकरी मुलीशी शारीरिक संबंध ठेवले आणि ते उघड झाल्यावर त्याची नोकरी गेली. मास्तरांच्या मनातील अढीचे एक कारण हेच आहे की ‘तिच्यामुळे’ मित्राचा संसार मोडला. ‘तिच्यामुळे’! १९९९ साली हा भाग बहुतेकांनी विनोदाचा एक धागा म्हणून पाहिला. आज पाहताना तो एक गुन्हा आहे आणि त्याचा दोष मुलीच्या खात्यावर टाकला जात आहे, हे लख्ख दिसते. चित्रपटाला ते किती कळले होते, याबद्दल मला अजूनही शंका आहे.

ट्रेसी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. ती रागाच्या भरात पॉलची पोस्टर फाडते आणि नंतर सरळ खोटे बोलते. पण पोस्टर फाडणाऱ्या विद्यार्थिनीची आणि मते फेकणाऱ्या मतमोजणी अधिकाऱ्याची तुलना एकाच तराजूत करता येणार नाही.

---

तिसरी रांग

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु चित्रपटाला ते कळले नव्हते, हे मला मान्य नाही. आपण मास्तरांच्या बाजूने झालात हे चित्रपटाच्या रचनेचेच काम आहे, सर, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नये.

या चित्रपटात चार निवेदक आहेत. मॅकॅलिस्टर, ट्रेसी, पॉल आणि टॅमी हे चौघेही आपापल्या आवाजात आपापली बाजू सांगतात. मात्र पहिला आवाज मास्तरांचा आहे, आणि आपण ज्याचा आवाज प्रथम ऐकतो त्याच्या घरी पाहुणे म्हणून उतरतो. ट्रेसीचे पहिले ठसठशीत चित्र आठवा. मास्तर वर्गात नीतिमत्ता आणि नीतिशास्त्र यांतील फरक विचारतात, ट्रेसीचा हात केव्हाचा वर असतो, मास्तर इतरांना विचारत राहतात आणि नाइलाजाने तिला बोलू देतात. ती तोंड उघडते आणि पेन तिथेच चित्र थांबवतात. ओठ वेडेवाकडे, डोळे अर्धवट मिटलेले. कोणाचाही फोटो अशा क्षणी काढला तर तो हास्यास्पदच येईल. लग्नाच्या अल्बममध्ये घास तोंडात असताना टिपलेला मामा जसा दिसतो, तशी ती दिसते. त्या गोठलेल्या चेहऱ्यावर मास्तरांचे निवेदन सुरू होते आणि आपले मत तिथेच ठरून जाते.

हे चित्र मास्तरांच्या मनातले आहे, वस्तुस्थितीतले नाही. त्यानंतर दिग्दर्शक दीड तास त्या मनाची सालपटे काढत बसतो. जो माणूस वर्गात नीतीचे धडे देतो तो मित्राच्या घटस्फोटित बायकोच्या मागे लागतो, मोटेलची खोली ठरवतो, तिच्या बागेत बसून वाट पाहताना त्याच्या पापणीला मधमाशी चावते आणि मतमोजणीच्या दिवशी तो एक डोळा सुजून बंद झालेल्या अवस्थेत शाळेत येतो. नागरिकशास्त्राचा शिक्षक एका डोळ्याने मते मोजतो आहे! यापेक्षा स्पष्ट काय सांगायचे?

मते टोपलीत टाकण्याचा निर्णयही किती क्षुल्लक कारणाने होतो ते पाहा. निकाल गुप्त असताना ट्रेसीला तो खुणेने कळतो आणि मास्तरांना दारातून ती आनंदाने उड्या मारताना दिसते. लोकशाही, पर्याय, सफरचंद, संत्रे, सारे त्या क्षणी गळून पडते. त्यांना फक्त तो आनंद पाहवत नाही. शिवाय पकडले जातात तेही कोणामुळे? चित्रपटाच्या सुरुवातीला ते शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमधून नासलेले अन्न काढून टोपलीकडे टाकतात, ते खाली सांडते आणि सफाई कामगार ते पाहत उभा असतो. पुढे हाच कामगार टोपलीतील दोन मते शोधून काढतो. ही पेरणी इतकी अलगद आहे की मला ती दुसऱ्यांदा पाहताना दिसली.

आपल्या मंडळींना आवडेल अशी आणखी एक माहिती. मॅकॅलिस्टरची भूमिका करणारे मॅथ्यू ब्रॉडरिक १९८६ साली शाळेला दांडी मारणाऱ्या आणि प्राचार्यांना गुंगारा देणाऱ्या खट्याळ मुलाच्या भूमिकेने प्रसिद्ध झाले होते. तेरा वर्षांनी तोच मुलगा टेबलाच्या पलीकडे बसून एका हुशार मुलीची वाट अडवतो आहे, हा पात्रनिवडीतला विनोद अमेरिकी प्रेक्षकांना लगेच कळला असणार. रीस विदरस्पून यांना ट्रेसीसाठी गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. पटकथेला, म्हणजे पेन आणि जिम टेलर यांना, ऑस्करचे नामांकन होते.

शेवटाबद्दल. टॉम पेरोटा यांच्या १९९८ मधील मूळ कादंबरीची कथा न्यू जर्सीत घडते. पेन स्वतः ओमाहाचे असल्यामुळे त्यांनी ती आपल्या गावी आणली. कादंबरीचा शेवट मवाळ आहे. मास्तर गाड्या विकण्याच्या दुकानात नोकरीला लागतात आणि ट्रेसीची व त्यांची पुन्हा गाठ पडते. तसा शेवट प्रत्यक्ष चित्रितही झाला होता, पण नंतर तो टाकून दुसरा करण्यात आला. नव्या शेवटात मास्तर न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मुलांना माहिती देण्याचे काम करतात. वॉशिंग्टनला गेले असता त्यांना ट्रेसी एका लोकप्रतिनिधीसोबत आलिशान गाडीत बसताना दिसते आणि हा प्रौढ माणूस हातातला पेयाचा पेला त्या गाडीवर भिरकावून पळ काढतो. मग अगदी शेवटचे दृश्य येते. संग्रहालयात ते मुलांना प्रश्न विचारतात, समोरच एका लहान मुलीचा हात ताठ वर आहे आणि मास्तर तो न दिसल्यासारखे करून इतरांकडे पाहत राहतात. ज्या दिग्दर्शकाने मवाळ शेवट काढून हा बसवला, त्याला कोणाला हसायचे आहे ते पुरते ठाऊक होते.

---

जुने जीएस

मी निवृत्त प्राध्यापक असून चित्रपटातील मला फारसे कळत नाही. निवडणुकीतील मात्र कळते, कारण ऐंशीच्या दशकात नाशिकमधील एका महाविद्यालयात मी स्वतः जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरचिटणीसपदाच्या, निवडणुकीत पडलो आहे. पडलो म्हणजे दोन्ही अर्थांनी.

चित्रपटात ट्रेसी मतदारांना घरी केलेले कपकेक वाटते आणि स्वतःच्या नावाचे बिल्ले लावते. आमच्या वेळी मिसळ चारली जाई आणि रविवार कारंज्यापासून कॉलेजपर्यंत स्कूटरची रांग निघे. माझ्या प्रतिस्पर्ध्याने मतदानाच्या आदल्या दिवशी चिवड्याचे पुडे वाटले. मी तत्त्व म्हणून काहीच वाटले नाही आणि तत्त्वासह हरलो. गंमत गमतीच्या जागी, पण त्या काळी अनेक ठिकाणी बाहेरची माणसे, पैसा आणि मारामाऱ्या कॉलेजात शिरल्या होत्या. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याची हत्या झाली, आणि पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. ज्याचे गुण सर्वाधिक तो वर्गाचा प्रतिनिधी.

म्हणजे आपल्याकडे ट्रेसी फ्लिकला वर्गप्रतिनिधी होण्यासाठी निवडणूक लढवावीच लागली नसती. तिची गुणपत्रिका पाहून तिला खुर्ची दिली गेली असती, आणि मॅकॅलिस्टर मास्तरांना फळ्यावर फळे काढण्याची संधीच मिळाली नसती. मी पुढे अनेक वर्षे अशा नेमलेल्या प्रतिनिधींची यादी सूचनाफलकावर लावण्याचे काम केले. त्यात मुलींची संख्या बरीच असे. त्यांतील निम्म्या जणी ‘सर, माझे नाव काढा, अभ्यास बुडतो’ असे सांगायला येत. ज्यांना लढायचे होते त्यांना मैदान नव्हते आणि ज्यांना नको होते त्यांच्या गळ्यात माळ पडत होती.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली खर्चाला प्रतिउमेदवार पाच हजार रुपयांची मर्यादा आणि हजेरीची अट सुचवली, महाराष्ट्रात २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूदही केली. ती प्रत्यक्षात उतरण्यात काय काय अडथळे आले हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलू लागलो तर इथले संपादक मला हाकलतील.

टॅमीबद्दल मात्र कोणीच बोललेले नाही, याचे आश्चर्य वाटते. ती भर सभेत उभी राहून सांगते की या निवडणुकीने कोणाच्याही आयुष्यात काडीचा फरक पडत नाही आणि मी निवडून आले तर ही संघटनाच बरखास्त करीन. सगळी शाळा बाकांवरून उठून जल्लोष करते. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी विद्यार्थ्यांची जी जी भाषणे ऐकली त्यांत हे एकच प्रामाणिक होते, आणि तिलाच उमेदवारीतून बाद व्हावे लागते.

---

द्राक्षबागायतदार

मला तर पॉल आवडला. मतदानाच्या वेळी स्वतःलाच मत देणे बरे दिसणार नाही म्हणून तो ट्रेसीला मत देतो. ती एका मताने जिंकते, म्हणजे तिला त्यानेच निवडून आणले. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत असा एक जरी उमेदवार असता तर मी पॅनेल न पाहता मत दिले असते.

आदल्या रात्री तिघेही देवाची प्रार्थना करतात तो प्रसंग रविवारी पुन्हा लावून दाखवा. ट्रेसी देवाला कामाला लावते, टॅमी मागण्यांची यादी देते आणि पॉल बिचारा मिळालेल्या सगळ्याबद्दल आभार मानत बसतो. आणि सर, हा चित्रपट शाळेतल्या मुलांना मात्र दाखवू नका; अमेरिकेतही त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय तो पाहता येत नाही.

---

नागरिकशास्त्राचा तास (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘माजी मॉनिटर’ ताईंचा प्रतिसाद मी प्रथम वाचला तेव्हा थोडा रागावलो होतो. ‘तिसरी रांग’ यांनी सांगितल्यावर ते गोठलेले चित्र पुन्हा लावून पाहिले आणि मामाची उपमा पटली. काका, आपल्या चिवड्याच्या पुड्यांचा किस्सा रविवारी आपल्या परवानगीने सांगणार आहे.

एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. आमच्या शाळेत दरवर्षी जुलैमध्ये विद्यार्थी मंत्रिमंडळाची निवडणूक होते आणि ती घेण्याची जबाबदारी माझी असते. मागच्या वर्षीच्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या आम्ही चिठ्ठ्या कापतो, खडूच्या मोठ्या खोक्याला वरून फट पाडून मतपेटी करतो आणि बोटाला स्केचपेनने खूण करतो. काही वर्षांपूर्वी मुख्यमंत्रिपदासाठी नववीतील एक मुलगी उभी होती. प्रत्येक तासाला हात वर, प्रत्येक चुकीवर ‘सर, पुस्तकात वेगळं आहे’. मतमोजणीत एक चिठ्ठी अशी निघाली की तिच्यावर त्या मुलीचे नाव नव्हते, फक्त तिचा हजेरी क्रमांक होता, सतरा. नियम असा होता की नाव लिहावे. मी ती बाद केली. त्यानंतर दोन चिठ्ठ्यांवर एका मुलाचे फक्त टोपणनाव होते, जे साऱ्या शाळेला ठाऊक होते. त्या मी धरल्या.

ती मुलगी नऊ मतांनी हरली, त्यामुळे निकाल काही बदलला नसता. चिठ्ठ्या मोजायला माझ्या शेजारी दहावीचा एक विद्यार्थी बसला होता. त्याने सतरा क्रमांकाची चिठ्ठी उचलून माझ्याकडे पाहिले होते आणि मी ‘पुढची घे’ म्हणालो होतो. त्या वेळी मला त्यात काहीही वावगे वाटले नव्हते. परवा सुजलेल्या डोळ्याचे मास्तर पाहतानासुद्धा वाटले नाही. काल रात्री ‘धडपडी’ या शब्दावर अडखळलो तेव्हा एकदम तो आकडा आठवला.

काल जेवताना हे मुलीला सांगितले. तिने भाकरी मोडता मोडता एवढेच विचारले, “तिला सांगितलंस का?” ती मुलगी आता पुण्यात वकिलीचे शिक्षण घेते, असे तिच्या धाकट्या भावाकडून कळले आहे, तो यंदा माझ्याच वर्गात आहे. रविवारची चर्चा मी कशी सुरू करायची ते अजून ठरवलेले नाही, पण येत्या जुलैच्या मतमोजणीला माझ्याऐवजी दोन विद्यार्थिनी आणि दोन विद्यार्थी बसवावेत, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे आज दिला आहे.